फारोंचे आगंतुक

इजिप्तमधील प्राचीन अवशेषांवर गेल्या दोनशे वर्षांत इतके संशोधन झाले आहे, की तीन हजार वर्षांपूर्वी वारलेल्या रामसेस दुसरा या राजाला उतारवयात दाढांचा किती त्रास होत असावा, हेही आज सप्रमाण सांगता येते. तथापि या अवशेषांच्या आवारात ती तीन हजार वर्षे सातत्याने आढळणाऱ्या, आणि दगड झिजले तरी स्वतः तसूभरही न झिजलेल्या एका घटकाची विद्वानांनी म्हणावी तशी दखल घेतलेली दिसत नाही. हा घटक म्हणजे ते अवशेष पाहावयास आलेला मनुष्य होय. तो बाहेरगावचा असतो. त्याला ऊन लागलेले असते. समोर जे आहे त्याविषयी त्याला जे सांगितले जाते त्यातले बरेचसे चुकीचे असते व उरलेले तो विसरतो. आणि आपण येथे येऊन गेलो याची कोठेतरी नोंद झाल्याखेरीज आपली यात्रा सुफळ संपूर्ण झाली असे त्याला वाटत नाही. यांपैकी शेवटचे लक्षण सर्वांत महत्त्वाचे मानले पाहिजे, कारण पाहण्यासाठी नाईलकाठी आलेल्या माणसांपेक्षा ‘पाहून आलो’ असे सांगण्यासाठी आलेली माणसे नेहमीच अधिक होती, असे उपलब्ध पुराव्यावरून दिसते.

या पुराव्याचा एक फार जुना तुकडा कैरोच्या दक्षिणेस सक्कारा येथे आहे. तेथे जोसेर राजाचा पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड असून तो इ.स.पू. २६५०च्या सुमारास बांधला गेला, म्हणजे गिझाच्या सुप्रसिद्ध पिरॅमिडांहूनही तो वडील आहे. त्याच्या आवारातील एका भिंतीवर शाईने लिहिलेली एक नोंद सापडते. ती हायरॅटिक लिपीत आहे. हायरॅटिक म्हणजे इजिप्तच्या चित्रलिपीचे कचेरीकामासाठी भरभर लिहिता येईल असे रूप, म्हणजे देवनागरीच्या जोडीला आपल्याकडे मोडी जे काम करी तेच काम तिकडे करणारी लिपी. रामसेस दुसरा याच्या कारकिर्दीच्या ४७व्या वर्षी, इ.स.पू. १२३२च्या आसपास, हिवाळ्यातल्या एका दिवशी खजिन्यातील लेखनिक हदनख्त हा वजिराच्या कचेरीत लेखनिक असलेला आपला भाऊ पनख्त याला घेऊन मेम्फिस शहराच्या पश्चिमेस फेरफटका मारण्यास व मन रमवण्यास आला, असे तीत म्हटले आहे. पुढे दीर्घायुष्य लाभावे आणि सुखाच्या म्हातारपणानंतर दफन व्यवस्थित व्हावे, अशी देवांना विनंती आहे. पिरॅमिड त्या वेळीच चौदाशे वर्षांचा झालेला होता. दोघे भाऊ, दोघेही सरकारी नोकर, थंडीचा मोसम पाहून निघालेले, एक जुने स्थळ पदरात पाडून घेतलेले आणि त्याच फेरीत निवृत्तीनंतरची सोयही लावून टाकलेली. सहलीचा याहून परिपूर्ण नमुना पुढच्या बत्तीसशे वर्षांत कोणाला काढता आलेला नाही. पिरॅमिड कसा वाटला, याविषयी मात्र नोंदीत अवाक्षर नाही.

त्याच आवारात अमेनेमहेत नावाच्या आणखी एका लेखनिकाचा मजकूर आहे. साऱ्या मेम्फिसमध्ये आपल्या तोडीचा लेखनिक नाही, अशी प्रस्तावना करून, भिंतीवरील इतरांचे लिखाण वाचून आपले मन कसे विटले हे तो सांगतो आणि असल्या लोकांना आत पाऊल टाकण्याआधीच अडवायला हवे होते, असे मत देतो. हे मतही त्याने भिंतीवरच लिहिले आहे. सार्वजनिक वास्तूंच्या विद्रूपीकरणाविरुद्धची इतकी जुनी आणि इतकी कळकळीची तक्रार दुसरीकडे सापडणे कठीण.

पाहुणा आला म्हणजे त्याच्या पाठोपाठ माहिती देणाराही येतो. इ.स.पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इजिप्तमध्ये फिरत असताना गिझाच्या मोठ्या पिरॅमिडवर त्याला काही मजकूर कोरलेला दिसला, व तो काय आहे असे त्याने दुभाष्याला विचारले. बांधकामावरील मजुरांच्या मुळे, कांदे आणि लसूण यांवर सोळाशे टॅलंट चांदी खर्च झाल्याची ती नोंद आहे, असे उत्तर मिळाले. टॅलंट हे वजनाचे ग्रीक माप असून ते सुमारे २६ किलोचे धरल्यास हा खर्च चाळीस टनांहून अधिक चांदीचा होतो, आणि कांद्याचे भाव कितीही कडाडले तरी तो जास्तच वाटतो. दुभाष्याला ती लिपी वाचता येत होती असे मानण्यास फारसा आधार नाही. परंतु परदेशी पाहुणा ऐकायला उत्सुक उभा असताना ‘ठाऊक नाही’ म्हणणे धंद्याला परवडत नाही, आणि मोठा आकडा सांगितला की पाहुणा पुढचा प्रश्न विचारत नाही, हे मर्म त्या धंद्याला तेव्हाच उमगलेले होते. आजचा वाटाड्या याच घराण्यातला आहे. स्फिंक्सचे, म्हणजे सिंहाचे धड व माणसाचे डोके असलेल्या त्या प्रचंड शिल्पाचे, नाक नेपोलियनच्या तोफखान्याने उडवले, असे तो आजही बिनदिक्कत सांगतो. नेपोलियन इजिप्तमध्ये १७९८ साली उतरला, आणि डॅनिश प्रवासी फ्रेडरिक नोर्डेन याने १७३७ साली काढलेल्या चित्रात स्फिंक्सला नाक नाहीच; पण नाक कोणी नेले हे सांगताना नाव मोठे घेतले की ऐकणाऱ्यालाही आपण मोठ्या ठिकाणी आल्यासारखे वाटते.

खरी माहिती उपलब्ध झाली तरी पाहुणा ती स्वीकारतोच असे नाही. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरील वादी अल-जर्फ येथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या चमूला जे पपायरस सापडले, म्हणजे पाणवेताच्या गरापासून केलेल्या प्राचीन कागदाचे जे तुकडे सापडले, त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. खुफू राजाच्या, म्हणजे गिझाच्या त्याच मोठ्या पिरॅमिडासाठी तुरा येथील खाणीतून चुनखडीचे चिरे नावेत भरून गिझाला पोचवण्याचे काम त्याच्या टोळीकडे होते, आणि त्याने ते एखाद्या इमानदार कारकुनासारखे लिहून ठेवले आहे: आज चिरे भरले, आज नाव सोडली, आज अमुक ठिकाणी मुक्काम. पिरॅमिड कोणी व कसा बांधला याचे याहून विश्वसनीय उत्तर मिळणे शक्य नाही. परंतु मुकादमाची हजेरीवही वाचून कोणाच्याही अंगावर रोमांच उभे राहत नाहीत, आणि एवढा विमानखर्च करून आलेल्या माणसाला केवळ हजेरीवही दाखवली तर त्याची निराशा होणे स्वाभाविक आहे. त्यामुळे ‘हे माणसाचं काम नाहीच, परग्रहावरून कोणीतरी आलं असणार’ ही उपपत्ती दर बसमध्ये एकदा तरी मांडली जाते, आणि ती मांडणारे गृहस्थ पुष्कळदा स्थापत्य अभियंते म्हणून निवृत्त झालेले असतात.

तथापि पाहुणा आणि स्थळ यांच्यातील संबंधाचा कळस पाहायचा असेल तर लक्सर शहरासमोर नाईलच्या पश्चिम तीरावर जावे लागते. तेथे शेतांच्या कडेला अमेनहोतेप तिसरा या राजाचे सुमारे १८ मीटर उंचीचे दोन बसलेले पुतळे आहेत. त्यांच्यामागचे मंदिर केव्हाच कोसळले, आणि पुतळे राखणदाराच्या नोकरीवर तसेच राहिले. इ.स.पू. २७च्या सुमारास भूकंपाने उत्तरेकडील पुतळ्याचा वरचा भाग ढासळला, आणि त्यानंतर पहाटे सूर्य उगवताना त्यातून अधूनमधून आवाज येऊ लागला. रात्रीचा ओलावा फटींत साठून सकाळच्या उन्हाने दगड तापताना असे होत असावे, असा आजचा अंदाज आहे. ग्रीकांना अंदाजाची गरज पडली नाही. ट्रॉयच्या युद्धात मारला गेलेला मेम्नॉन तो हाच, आणि उषादेवी इऑस ही त्याची आई असल्यामुळे मुलगा रोज सकाळी आईला हाक मारतो, असे त्यांनी ठरवून टाकले. अमेनहोतेपला अशा रीतीने आपले नाव, गाव आणि आई या तिन्ही गोष्टी गमवाव्या लागल्या, पण त्या मोबदल्यात त्याला साऱ्या रोमन साम्राज्यातून पाहुणे मिळाले.

भूगोलकार स्ट्रेबो हा इजिप्तच्या रोमन सुभेदाराबरोबर तेथे गेला होता. आवाज त्याने ऐकला. पण तो पुतळ्यातून आला, चौथऱ्यातून आला की भोवती उभ्या असलेल्यांपैकी कोणी मुद्दाम केला हे सांगता येत नाही, आणि दगड बोलतो यापेक्षा दुसऱ्या कशावरही विश्वास ठेवणे आपल्याला सोपे वाटते, असे त्याने स्पष्ट लिहिले. असा मनुष्य सहलीत एक तरी असतो व तो कोणाला आवडत नाही. बाकीच्यांनी विश्वास ठेवला आणि तो पुतळ्याच्या पायांवर कोरून ठेवला. ग्रीक व लॅटिन भाषांतले असे शंभराहून अधिक लेख तेथे आहेत: अमुक हुद्द्याचा अमुक येथे आला, त्याने अमुक घटकेला मेम्नॉनचा आवाज ऐकला. इ.स. १३०च्या नोव्हेंबरात सम्राट हेड्रियन आणि सम्राज्ञी सबायना लवाजम्यासह तेथे आले, आणि पहिल्या दिवशी मेम्नॉन गप्प बसला. सम्राटाच्या इतमामात आलेल्या मंडळींची त्या सकाळी काय अवस्था झाली असेल याची कल्पना, मुद्दाम वाट वाकडी करून व्याघ्रप्रकल्पात गेलेल्या आणि दिवसभर मोरच पाहून परतलेल्या कोणालाही करता येईल. लवाजम्यात जूलिया बाल्बिला नावाची कवयित्री होती. सुंदर सबायनेने पुन्हा यावे म्हणूनच मेम्नॉनने मौन धरले, असा अर्थ तिने लावला, तो पद्यात बसवला, आणि मेम्नॉनने नंतर तोंड उघडल्यावर पुतळ्याच्या पायावर कोरवूनही घेतला. पुढे केव्हातरी ढासळलेला भाग पुन्हा रचण्यात आला; हे काम इ.स. २००च्या आसपास तेथे आलेल्या सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने करवले असे मानले जाते. डागडुजी इतकी पक्की झाली, की आवाज कायमचा बंद पडला.

मेम्नॉन ऐकून झाला की मंडळी राजांच्या दरीकडे वळत. ही दरी म्हणजे डोंगरात खोदलेल्या राजेलोकांच्या थडग्यांचा प्रदेश. तेथील भिंतींवर ग्रीक व रोमन पाहुण्यांचे दोन हजारांवर लेख आहेत. त्यांपैकी एक हजाराच्या घरातले लेख एकट्या रामसेस सहावा याच्या थडग्यात आहेत, कारण या राजाचे राजनाम अमेनहोतेप तिसरा याच्या राजनामाशी जुळत असल्यामुळे ते मेम्नॉनचेच थडगे, असा समज पसरला होता. या लेखांत थक्क झालेले, कृतकृत्य झालेले आणि नुसतेच आलेले असे सर्व प्रकारचे लोक आहेत. परंतु अभ्यासकाचे मन जडते ते कुरकुरणाऱ्यांवर. येऊन पाहिले, पण दगडी शवपेटीखेरीज येथले काहीच आवडले नाही, असा शेरा एकाने मारला आहे. दुसऱ्याने ही चित्रलिपी आपल्याला वाचता येत नाही असे गाऱ्हाणे लिहिले, आणि त्याखाली तिसऱ्याच कोणीतरी, वाचता येत नसली तर त्यात तुझे काय अडले, अशा आशयाचे उत्तर लिहून ठेवले. सर्वसाधारण कुटुंबातील सहलीचे सगळे संभाषण या दोन ओळींत सामावले आहे.

नावाची ही ओढ पुढे अधिक ठसठशीत होत गेली. जोव्हानी बेल्झोनी हा धिप्पाड इटालियन इंग्लंडमध्ये रंगमंचावर ताकदीचे खेळ करी, व नंतर इजिप्तमध्ये येऊन त्याने तीच ताकद पुतळे हलवण्याकडे वळवली. २ मार्च १८१८ रोजी तो गिझा येथील खाफ्रे राजाच्या पिरॅमिडच्या आतल्या दालनात पोचला, आणि हा शोध आपण लावल्याचे त्याने भिंतीवर काजळीने अशा अक्षरांत लिहिले की ती आजही दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरतात. त्याच दालनाच्या भिंतीवर, आपण हे उघडले असे सांगणारा एक अरबी मजकूर आधीपासून होता. पण शोध ही गोष्ट मागून येणाऱ्याने अक्षर मोठे काढले की त्याची होते. यानंतर जेमतेम चौदा महिन्यांनी, २८ एप्रिल १८१९ रोजी, वाघाच्या शिकारीसाठी अजिंठ्याच्या रानात आलेला जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी दहाव्या लेण्यात शिरला आणि त्यानेही तेथल्या चित्रावर आपले नाव व तारीख खरडली. या बाबतीत सर्वांत सभ्य वर्तन कार्ल्याच्या लेण्यात आढळते. तेथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांची, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या परदेशी मंडळींची, नावे आहेत खरी. पण त्यांनी आधी स्तंभाचा खर्च सोसला व मग नाव घातले. ही रीत सर्वांनी उचलली असती तर जगातल्या साऱ्या प्राचीन वास्तू सुस्थितीत राहिल्या असत्या, मात्र सहलीच्या अंदाजपत्रकात स्तंभ बसत नाही. २०१३ साली लक्सरच्या मंदिरात एका चिनी शाळकरी मुलाने आपले नाव कोरल्याचे उघडकीस आले, तेव्हा त्याच्या आईवडिलांना जाहीर माफी मागावी लागली. गडकिल्ल्यांच्या तटांवर बदामात बदाम घालून नावे कोरणाऱ्यांच्या मातापित्यांवर अशी वेळ येत नाही, हा दोन देशांच्या लोकसंख्येतला नव्हे, कॅमेऱ्यांतला फरक असावा.

१८६९ साली टॉमस कुक याने इंग्रज पाहुण्यांची तुकडी आगबोटींतून नाईलवर नेली, आणि संघटित सहलीचे युग सुरू झाले. तोवर श्रीमंत लोक दहाबिया भाड्याने घेत. दहाबिया म्हणजे राहण्याच्या खोल्या असलेली, शिडाची मोठी नाव. वारा पडला की ती थांबे, आणि नाइलाजाने का होईना, समोरचे देऊळ दोन दिवस पाहावे लागे. आगबोटीने वेळापत्रक आणले, आणि ‘हे कोणी बांधले?’ या प्रश्नाच्या आधी ‘परत किती वाजता यायचे?’ हा प्रश्न विचारला जाऊ लागला.

या परंपरेची आजची एक अत्यंत जोमदार शाखा मराठी आहे. पुण्यामुंबईहून निघणाऱ्या सहलींमध्ये काळाचे मोजमाप राजवंशांवर नव्हे तर ‘सहा-सात-आठ’ या सूत्रावर होते. सहाला उठवण्याचा फोन, सातला नाश्ता आणि आठला बस, असा त्याचा अर्थ असून सहल-व्यवस्थापक आदल्या रात्री ते जाहीर करतो. ते ‘चार-साडेचार-पाच’ झाले की उद्याचे स्थळ महत्त्वाचे आहे, हे कोणालाही पुस्तक न उघडता कळते. बसमधल्या पुढच्या जागा रोज आळीपाळीने बदलतात, आणि एकोणिसाव्या वंशात कोणामागून कोण गादीवर आले हे न आठवणाऱ्या काकूंना काल पुढे कोण बसले होते हे बिनचूक आठवते. सामानात बाकरवडी, खाकरे, मेथीचे ठेपले, लिंबाचे लोणचे व चहाची किटली असते. मजुरांना कांदालसूण पुरवल्याची हिरोडोटसची गोष्ट या बसमध्ये कोणालाही अद्भुत वाटत नाही; खाण्याची व्यवस्था आधी हवी, हे सर्वांनाच मान्य असते.

गिझाच्या आवारात पाय ठेवताच ‘नमस्ते’, ‘इंडिया?’ आणि ‘अमिताभ बच्चन!’ अशा आरोळ्यांनी स्वागत होते, व पाठोपाठ उंट येतो. पिरॅमिड बांधणाऱ्यांनी उंट वापरला नव्हता. त्यांची भिस्त नावा, घसरगाड्या आणि माणसे यांवर होती. तरीही उंटावरचा फोटो नसेल तर पिरॅमिड पाहिला हे घरी कोणी मानत नाही. या सवारीचे अर्थशास्त्र ध्यानात घेण्यासारखे आहे: चढण्याचा दर माफक असतो, आणि उतरण्याचा दर माणूस वर गेल्यावर ठरतो. त्यानंतर चिमटीचा फोटो येतो. पत्नी शंभर-दीडशे पावले पुढे जाऊन हवेत दोन बोटे धरते, पती गुडघे टेकून, मग कोपरे टेकून, शेवटी वाळूत आडवा होऊन मोबाइलची पातळी साधतो, आणि खुफूच्या पिरॅमिडचे टोक त्या चिमटीत नेमके बसवण्याचा प्रयत्न सुरू होतो. “जरा डावीकडे. अगं, माझ्या डावीकडे! आता वर. फार वर गेलीस, मध्ये हवा दिसतेय.” मूळ १४६ मीटर उंच असलेली, आणि पुढे सुमारे अडतीसशे वर्षे जगातली सर्वांत उंच मानवी रचना ठरलेली ही वास्तू तोवर दोघांच्याही दृष्टीने केवळ एक टोक उरलेली असते.

पिरॅमिडच्या आत जाण्याचे तिकीट वेगळे असते, आणि ते काढावे की नाही यावर तिकीटखिडकीसमोर जी चर्चा होते ती उद्धृत करण्याजोगी आहे.

“आत काय आहे?”

“एक खोली आहे.”

“खोलीत?”

“दगडाची पेटी.”

“आणि पेटीत?”

“काही नाही. रिकामी आहे.”

“मग काढा तिकीट. एवढं आलो आहोत तर आतून बघून येऊ, नाहीतर शहाणे विचारतील.”

मोठ्या दालनाकडे नेणारा चढाचा मार्ग जेमतेम सव्वा मीटर उंच व एक मीटर रुंद असून त्याचा चढ २६ अंशांचा आहे. त्यातून ओणवे होऊन, कठड्याला धरून, पुढच्याच्या पाठीशी नाक ठेवून चढावे लागते, आणि याच मार्गाने बघून झालेली मंडळी उलट्या दिशेने उतरत असतात. हवा दमट असते, गुडघे बोलू लागतात, आणि ज्यांनी वर्षापूर्वीच गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेतली ते शिंदे काका इतरांना श्वास कसा घ्यावा हे समजावून देतात. पुढे छत एकदम साडेआठ मीटर उंच होते. मोठे दालन म्हणतात ते हेच. कमरा सरळ करण्यापुरते त्याचे कौतुक होते, व त्यानंतर राजाचे दालन येते. ग्रॅनाइटच्या काळसर भिंती, एकही चित्र नाही, एकही अक्षर नाही, आणि एका बाजूला झाकण नसलेली, कोपरा फुटलेली पेटी. सर्वजण तिच्यात डोकावतात. ती रिकामी असल्याची प्रत्येकाने स्वतः खात्री करून घेतल्यावरच मंडळी परत फिरतात, आणि बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांनी “कसं आहे?” असे विचारले की “एकदा बघायलाच पाहिजे” असे एकमुखाने सांगतात.

लक्सरजवळील कर्नाक येथे १३४ स्तंभांचे एक सभागृह आहे, आणि मधले बारा स्तंभ २१ मीटर उंच आहेत. तेथे मराठी पाहुण्याच्या तोंडून हमखास निघणारे वाक्य म्हणजे “आपलं वेरूळचं कैलास याच्यापुढे…” हे होय. कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात वरून खाली खोदत आणलेले असल्यामुळे तुलनेला जागा आहेच; परंतु ती करणाऱ्यांपैकी कित्येकांनी वेरूळ शाळेच्या सहलीत, डबा खाताना, पाहिलेले असते. नेमकी त्याच दिवशी संकष्टी आली तर सभागृहात दुसराच पेच उभा राहतो. पंचांगात चंद्रोदय दिलेला असतो पुण्याचा, आणि उपास सोडायचा असतो लक्सरला. दोन वहिनी एका स्तंभाच्या सावलीत मोबाइलवर वेळांची वजाबाकी करतात, एक मावशी ‘भारतात चंद्र उगवला की झालं’ असा उदार पक्ष मांडतात, आणि वाटाड्या बिचारा आवाज चढवून आमुन देवाविषयी सांगत राहतो. खोन्सू या इजिप्तच्या चंद्रदेवाचे मंदिर त्याच आवारात, काही पावलांवर आहे. तिकडे न्यायला मात्र वेळापत्रकात वेळ नसतो.

अबू सिम्बेलच्या मंदिराकडे जाण्यासाठी आस्वानहून पहाटेच्या अंधारात निघावे लागते, त्यामुळे रामसेस दुसरा याच्या चार महाकाय मूर्तींचे पहिले दर्शन बहुतेकांना जांभईतून होते. आस्वानच्या धरणाचे पाणी चढणार म्हणून १९६४ ते १९६८ या काळात हे संपूर्ण मंदिर कापून, सुमारे ६५ मीटर वर नेऊन पुन्हा जोडले गेले. ही गोष्ट प्रत्येकाला पटते व भावते, कारण पुनर्विकासात जागा बदलून मिळण्याचा अनुभव सर्वांच्या गाठीशी असतो. त्यामानाने कॉफीची हकिकत कोणी सांगत नाही. १८७४ साली इंग्रज लेखिका अमेलिया एडवर्ड्स दहाबियातून तेथे आली, तेव्हा एका मूर्तीच्या चेहऱ्यावर पूर्वी साचा काढताना राहिलेल्या प्लास्टरचे पांढरे डाग होते. तिने आपले खलाशी परांचीवर चढवून ते खरवडून काढवले, आणि राहिलेला पांढरेपणा झाकण्यासाठी त्यावर घागरीघागरीने कढत कॉफी फासवली. साडेतीन फूट रुंद तोंडाच्या पाहुण्याला कॉफी पुरवण्याचा प्रसंग बोटीवरच्या स्वयंपाक्यावर त्यापूर्वी आलेला नव्हता, असे तिने नमूद केले आहे. इतक्या शतकांच्या वर्दळीत यजमानाला काही प्यायला विचारल्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण असावे.

खरेदीसाठी राखलेल्या वेळात कार्तूश घेतले जाते. कार्तूश म्हणजे राजाचे नाव ज्यात लिहीत तो लांबट वेढा. प्राचीन काळी त्यात राजघराण्याबाहेरच्या कोणाचे नाव घालण्याची प्राज्ञा नव्हती, आता चांदीच्या किंवा सोन्याच्या वजनाप्रमाणे कोणाचेही घालून मिळते. सोनार नाव कागदावर मागतो व एकेक चिन्ह ठोकत जातो. ‘ल’साठी बसलेल्या सिंहाचे चिन्ह वापरतात, क्लिओपात्राच्या नावात असते तेच, ‘ळ’साठी वेगळी सोय नसल्यामुळे कुळकर्णी, काळे आणि कांबळे या सर्वांच्या वाट्याला एकेक सिंह येतो, आणि जोशींच्या वाट्याला काहीच न आल्याने ते किमतीत घासाघीस करतात.

विमानतळाकडे जाताना बसमध्ये अभिप्रायाचे कागद वाटले जातात. त्यांत हॉटेल, जेवण, बस, सहल-व्यवस्थापक आणि इतर सूचना असे रकाने असतात. पिरॅमिडसाठी रकाना नसतो. शिंदे काका चष्मा लावून, कागद मांडीवर ठेवून, बस थांबेल तेव्हाच पेन टेकवत सावकाश लिहितात: जेवण उत्तम, शेवटच्या दिवशी आमरस अपेक्षित नव्हता, आनंद झाला, अबू सिम्बेलला फार पहाटे नेले, राजांच्या थडग्यांत पायऱ्या जास्त आहेत, पुढच्या वेळी कमी कराव्यात. मग खाली सही, नाव, गाव आणि तारीख घालून ते कागद पुढे देतात, आणि अंकोरवाटची सहल डिसेंबरात आहे की जानेवारीत, व तिथे किती चढावे लागते, याची चौकशी सुरू करतात.